धुक्यातला किनारा : श्रीवर्धन ते हर्णै, सायकलवर

कोकणच्या किनाऱ्यावर आपल्यापैकी कितीतरी घरांची मुळे आहेत. कुणाचे आजोळ श्रीवर्धनला, कुणाची बहीण बाणकोटला दिलेली, कुणाच्या आजोबांची कबर दाभोळच्या कब्रस्तानात. तरीही या किनाऱ्यावर आपले जाणे होते ते लग्नाला, मयतीला किंवा ईदच्या दुसऱ्या दिवशी, आणि तेही बहुधा गाडीच्या काचा वर करून. वळणावर मुलांना उलट्या होतात, मोठी माणसे डुलक्या काढतात आणि गाव आले की सगळे खाली उतरतात. मधला रस्ता कुणी पाहिलेलाच नसतो.

हा मधला रस्ता पाहावा म्हणून या हिवाळ्यात आम्ही सायकली काढल्या. आम्ही म्हणजे घरातलेच चौघे : आम्ही नवरा-बायको, अकरावीत शिकणारी मुलगी आणि माणगावचा भाचा. आमचे गाव महाड. 26 जानेवारीला शाळेत ध्वजवंदन झाले, मुलांना खाऊ वाटला आणि आम्ही निघालो. माणगाव, म्हसळा करत संध्याकाळी श्रीवर्धनला बहिणीच्या घरी मुक्काम केला. शनिवारची एक किरकोळ रजा टाकली होती. त्या शनिवारी श्रीवर्धन ते हर्णै असा सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरचा किनारा केला आणि रविवारी दापोलीहून टेम्पोत सायकली घालून घरी परतलो. इथे लिहायचे आहे ते फक्त शनिवारबद्दल, कारण त्या दिवशी अर्धी सकाळ समुद्र शेजारी असूनही आम्हाला दिसला नाही.

फजरच्या नमाजसाठी मशिदीकडे निघालो तेव्हाच गल्लीतला दिवा कापसात गुंडाळल्यासारखा दिसत होता. मशिदीच्या पायऱ्या ओल्या होत्या. छपरांवरून दव ठिबकत होते. आमच्या उर्दू शाळेत मराठी शिकवताना मुलांना आम्ही नेहमी शब्दांच्या जोड्या देतो. कोहरा म्हणजे धुके, शबनम म्हणजे दहिवर. त्या पहाटे दोन्ही एकदमच समोर होते.

हिवाळ्यात किनाऱ्यावर धुके का दाटते, हे आठवीच्या मुलालाही समजेल. रात्री आकाश निरभ्र असले की जमीन पटकन थंड होते. समुद्र मात्र उबदार राहतो. दिवसा समुद्राकडून आलेली दमट हवा खाडीत, वाड्यांत आणि डोंगरांच्या कुशीत साचून असते. रात्री तीच हवा थंड जमिनीला टेकते आणि तिच्यातल्या बाष्पाचे बारीक थेंब होतात. वारा जोराचा असेल तर धुके टिकत नाही. पण पहाटेचे मतलई वारे फार मंद असतात. ते धुक्याला उधळत नाहीत, हळूहळू पाण्याकडे सरकवत नेतात. म्हणून खाडीच्या तोंडाशी ते सर्वांत दाट असते. एक किलोमीटरच्या आतले दिसेनासे झाले की हवामानखाते त्याला धुके म्हणते आणि दोनशे मीटरच्या आत आले की दाट धुके. त्या सकाळी वीस पावलांवरचा विजेचा खांबही धूसर होता.

बहिणीच्या सासूबाईंना सगळे घर खाला म्हणते. वय पंच्याहत्तरीच्या पुढचे, पण पहाटे उठून त्यांनी आमच्यासाठी तांदळाच्या भाकऱ्या भाजल्या होत्या. चहा घेताना शेजारच्या एक बाई डोकावल्या. मुलगी स्कार्फवर हेल्मेट चढवून कानापाशी पट्टा बसवत होती. तिच्याकडे बघून त्या म्हणाल्या, “एवढ्या लांब? पोरीला झेपणार का?” खालांनी भाकरी उलटली आणि वर न बघताच उत्तर दिलं, “डोक्यावर हंडा आणि कडेवर पोर घेऊन आम्ही ह्या चढणी चढलो. तेव्हा कुणी विचारलं नाही, बाईमाणसाला झेपेल का म्हणून. आता पोर सायकलवर बसली तर सगळ्यांना काळजी.” शेजारीणबाई हसल्या. मुलगीही हसली आणि पट्टा एक घर घट्ट केला.

निघण्यापूर्वी खालांनी मागची वाडी दाखवली. श्रीवर्धनचे नाव भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचे जन्मगाव म्हणून इतिहासात आहे. बाजारात मात्र ते सुपारीमुळे आहे. इथली रोठा सुपारी आकाराने मोठी, आतून मऊ आणि पांढरी. नारळ-पोफळीच्या या वाड्यांवर इथल्या कित्येक घरांची, हिंदूंची तशी मुसलमानांचीही, पिढ्यान्‌पिढ्या गुजराण झाली. पण 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर आदळले. “दुपार होती,” खाला सांगत होत्या, “आम्ही सगळे एका खोलीत बसून होतो. कौलं पत्त्यांसारखी उडत होती. बाहेर पोफळी मोडायच्या त्याचा आवाज फटाक्यांसारखा. संध्याकाळी दार उघडलं तर वाडीतून समुद्र दिसला. लग्न होऊन आल्यापासून माझ्या वाडीतून कधी समुद्र दिसला नव्हता.”

पोफळ लावल्यावर फळ धरायला सहा-सात वर्षे जातात. कोवळ्या रोपाला ऊनही सोसत नाही, म्हणून मधून केळी लावून सावली करावी लागते. खालांच्या वाडीत जुन्या, उंच पोफळी आता बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. बाकी सगळी नवी रोपे, काही गुडघ्याएवढी, काही पुरुषभर उंचीची. “ह्या सुपाऱ्या कोण खाणार ते अल्लाला ठाऊक,” त्या म्हणाल्या, “पण लावल्याशिवाय कसं राहायचं?” धुक्यामुळे वाडीपलीकडचा समुद्र त्या सकाळी पुन्हा झाकला गेला होता. वाडी जशी पूर्वी असेल, तशी क्षणभर दिसली.

सातच्या सुमारास उजाडले, पण उजेड कुठून येतो ते कळत नव्हते. आम्ही घरी बसूनच नियम ठरवले होते. पुढे-मागे दोन्ही दिवे चालू ठेवायचे. प्रत्येकाच्या अंगात चमकणारे जॅकेट. एकामागे एक चालायचे, शेजारी-शेजारी नाही. भाचा सर्वांत पुढे, मुलगी दुसरी, आम्ही दोघे मागे. वेग मात्र पुढच्याने ठरवायचा नाही, जो सर्वांत हळू असेल त्याने ठरवायचा. गाडीचा आवाज आला की मागच्याने एक शिट्टी द्यायची आणि सगळ्यांनी रस्त्याच्या कडेला यायचे. दिसेल तेवढ्याच अंतरात थांबता येईल, इतकाच वेग ठेवायचा. या शेवटच्या नियमाने आमचा वेग ताशी दहा किलोमीटरवर आला. मोकळ्या हवेत हरिहरेश्वरकडचा हा रस्ता तास-सव्वा तासात झाला असता. आम्हाला बागमांडल्याच्या धक्क्यापर्यंत दोन तास लागले.

धुक्यात सायकल चालवताना डोळ्यांचे बरेचसे काम कानांकडे जाते. जीवना बंदराकडून बोटींच्या इंजिनांची टकटक आली. कुठे तरी विहिरीवर पंप सुरू झाला. चढणीवर आपल्याच श्वासाचा आवाज आणि चेनची कुरकुर. एका वळणावर लांब, जड हॉर्न ऐकू आला. आम्ही शिट्टी देऊन कडेला थांबलो. पिवळ्या दिव्यांची एसटी अगदी चालत्या माणसाच्या वेगाने समोर आली. चालकाने काच खाली करून विचारले, “किती जण?” आम्ही म्हणालो, “चार.” तो म्हणाला, “पुढच्या उतारावर रस्ता ओला आहे, ब्रेक जपून मारा. मागे जीप आहे, तिला मी सांगतो.” आणि गाडी पुन्हा धुक्यात शिरली. दहा सेकंदांची ही भेट. स्वच्छ हवेत ती एसटी आमच्या बाजूने भुर्रकन निघून गेली असती आणि आम्ही धुळीला नावे ठेवली असती.

शनिवार म्हणजे सकाळची शाळा. एका गावाच्या अलीकडे हसण्या-ओरडण्याचा आवाज आधी आला आणि मग दप्तरे पाठीवर टाकलेली सात-आठ मुले धुक्यातून एकेक करून उमटली. तोंडातून वाफ सोडण्याची त्यांची शर्यत चालली होती. आमचे दिवे बघून ती थबकली. मग प्रश्नांची सरबत्ती. कुठून आलात? सायकल कितीची? गिअर कसे बदलतात? त्यांतल्या एका मुलीने आमच्या मुलीला विचारले, “ताई, तुला भीती नाही वाटत?” मुलगी म्हणाली, “वाटते. म्हणून तर दिवा लावलाय.” शिक्षकी पेशात इतकी वर्षे गेली, पण सावधपणा आणि भित्रेपणा यांतला फरक इतक्या थोड्या शब्दांत आम्हाला कधी वर्गात सांगता आला नव्हता. मुले शाळेच्या फाटकापर्यंत आमच्याबरोबर धावली.

नऊच्या सुमारास बागमांडल्याला पोचलो. इथे सावित्री नदी समुद्राला मिळते. उत्तरेला हरिहरेश्वरचा डोंगर, दक्षिणेला बाणकोट, मध्ये खाडीचे रुंद तोंड. पलीकडे वेसवीला जायला फेरीबोट आहे. मोटारी, दुचाक्या, माणसे सगळे तिच्यावर चढते. पण बोट धक्क्याला बांधलेली होती. समोर पाणी संपून धुके कुठे सुरू होते तेही कळत नव्हते. बोटीवरचा माणूस शांतपणे बिडी ओढत सांगत होता, “समोरचा डोंगर दिसल्याशिवाय सोडणार नाही. पाण्यात जाळ्यावाल्यांच्या होड्या आहेत.”

धक्क्यावर हळूहळू गर्दी जमली. मासळीच्या टोपल्या घेतलेल्या दोन कोळणी, दुधाच्या किटल्या लावलेला एक मोटारसायकलवाला, बदलीच्या गावी निघालेले एक ग्रामसेवक आणि मंडणगडच्या बाजूला निकाहला निघालेली एक जीपभर मंडळी. निकाह जोहरनंतर होता. तरुण मुले सारखी घड्याळ बघत होती. आंबेतच्या पुलावरून वळसा घालून जावे का, यावर चर्चा झाली. शेवटी त्यांच्यातले पांढऱ्या दाढीचे चाचा म्हणाले, “अरे, बसा. दुल्हा पलीकडचाच आहे, तो कुठे पळून जात नाही. आणि काझीसाहेब आपल्याच जीपमध्ये आहेत.” सगळे हसले. जीपमधून लाडूंचा डबा निघाला. कोळणींपासून बोटवाल्यापर्यंत सर्वांच्या हातावर एकेक लाडू पडला. टपरीवाल्याने चहा टाकला. तीन पाव तासांत त्या धक्क्यावरच्या माणसांना एकमेकांची गावे, मुले आणि दुखणीखुपणी ठाऊक झाली.

सावित्री ही आमची नदी. महाबळेश्वरला उगम पावून ती महाडवरून येते, पुढे आंबेतला खाडी होते. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झालेले बॅरिस्टर अ. र. अंतुले याच आंबेतचे. तिथून ती इथे समुद्राला मिळते. महाडच्या माणसाच्या मनात या नदीची दोन रूपे आहेत. एक रोजचे आणि एक पुराचे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महामार्गावरचा इंग्रजांच्या काळातला जुना पूल तिने वाहून नेला. त्याबरोबर एसटीच्या दोन गाड्या आणि इतर वाहने गेली. पुढे कित्येक दिवस खाडीत शोध चालू होता. 22 जुलै 2021 च्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली. आमच्या घरी पुस्तकांच्या कपाटावर त्या पाण्याची रेघ अजून आहे. नदीने नेलेले सगळे शेवटी या तोंडाशी येते, हे आम्ही नकाशावर अनेकदा मुलांना दाखवले होते. प्रत्यक्षात इथे उभे राहिलो तेव्हा पाणी संथ होते, हलकेच धक्क्याला लागत होते. आम्ही चौघांनी त्या रात्री गेलेल्यांसाठी दुआ मागितली. शेजारच्या चाचांनी काही न विचारता आमच्याबरोबर हात उचलले. “महाडचे का?” त्यांनी नंतर विचारले. आम्ही मान हलवली. ते म्हणाले, “तेव्हा आम्ही पण रोज ह्या काठाला येऊन उभे राहत होतो.”

पावणेदहाच्या सुमारास धुके विरू लागले. ते वर उठते म्हणतात, पण इथे ते कडेने फाटल्यासारखे झाले. आधी पाण्याचा एक पट्टा चकाकला, मग एक होडी दिसली, मग पलीकडच्या डोंगराची कड. बोटवाल्याने उरलेली बिडी फेकली, भोंगा दिला. पुढचा फळा वर उचलला गेला आणि बोट सुटली. मध्यावर आलो तेव्हा उजवीकडे बाणकोटचा किल्ला उन्हात आला. आंग्र्यांचा हा हिंमतगड 1756 मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि त्यांनी त्याला फोर्ट व्हिक्टोरिया नाव दिले. खाडीचे तोंड ज्याच्या हाती, त्याच्या हाती आतला व्यापार, हे गणित सगळ्यांना माहीत होते. आज तिथून फक्त पाणी आणि माडांच्या रांगा दिसतात. वेसवीला उतरताना निकाहच्या जीपने हॉर्न देऊन आमचा निरोप घेतला.

वेसवीनंतर चढण लागते. नकाशात किनारा सरळ रेषेसारखा दिसतो, पण कोकणात किनाऱ्याने जायचे म्हणजे प्रत्येक खाडीला खाली उतरायचे आणि पुन्हा डोंगर चढायचा. सर्वांत खालच्या गिअरवर, बसून, हळूहळू पाय फिरवत राहायचे. जमले नाही तर उतरून ढकलायचे. त्यात कमीपणा नाही. मुलगी दोन चढणी आमच्या आधी वर पोचली, तिसऱ्या चढणीला आम्ही सगळ्यांनीच सायकली ढकलल्या.

त्या तिसऱ्या चढणीच्या माथ्यावर हापूसच्या कलमांची बाग होती. मोहराचा वास रस्त्यावर आला होता. सावलीला थांबलो तर पाठीवर फवारणीचा पंप बांधलेले एक गृहस्थ बाहेर आले. सलाम-दुआ झाली. पाणी दिले, मग बागेत नेले. आम्ही सहज म्हणालो, सकाळी काय सुंदर धुके होते! त्यांनी एक मोहराची डहाळी वाकवून दाखवली. टोकाचे फुलोरे काळपट झाले होते आणि बोट लावले तर चिकट लागत होते. “तुमचं धुकं दहा वाजता उठलं,” ते म्हणाले, “आमचं इथे बसलंय.”

हापूसला मोहर यायला थंडी लागते, पण थंडी कोरडी हवी. पहाटे धुके आणि दिवसा ढगाळ असे लागून दिवस गेले की मोहर ओला राहतो. तुडतुडे वाढतात, ते मोहराचा रस शोषतात आणि त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी धरते. दुसरीकडे भुरीने मोहर पांढरा पडून गळतो. मग फवारणी, पुन्हा धुके पडले की पुन्हा फवारणी. औषध महाग, मजूर महाग. कोकणच्या हापूसला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नाव सुरक्षित झाले, पण मोहर झाडावर टिकवायचे काम बागायतदाराचेच राहिले. या गृहस्थांचा एक मुलगा मुंबईला, दुसरा आखाती देशात. दोघेही म्हणतात, बाग कराराने देऊन टाका. “देतो म्हणतो दरवर्षी,” ते हसून म्हणाले, “पण मोहर आला की मन होत नाही.” निघताना त्यांनी मुलीच्या कॅरियरवर काजूची एक पुडी खोचली. पैसे घेतले नाहीत.

इथून पुढे आम्ही धुक्याबद्दल बोलताना जरा जपून बोलू लागलो. जे आपल्या डोळ्यांना सोहळा वाटते, ते दुसऱ्याच्या वर्षभराच्या मिळकतीवर उतरलेले असू शकते. सकाळी खालांनी वादळाबद्दल सांगितले होते, आता हे. किनारा पाहायला येणाऱ्याने हवा विचारली तर ऊन की पाऊस एवढेच उत्तर मिळते. इथे राहणाऱ्याला विचारली तर त्याच हवेचा हिशेब ऐकायला मिळतो.

पुढे एका उतारावर मागच्या चाकातली हवा गेली. भाच्याने चाक सोडवले, टायरमधून बाभळीचा काटा काढला, नवी ट्यूब घातली. वीस मिनिटे लागली. तेवढ्यात रस्त्याने जाणारे तीन जण थांबून “काही लागतंय का” विचारून गेले. जोहरच्या वेळेला एका लहानशा गावच्या मशिदीत पोचलो. बाहेर हौदावर वुजू केला तेव्हा चेहऱ्यावरचे मीठ ओठांना लागले. मुसाफिराला नमाजमध्ये कसरची सवलत आहे. थकलेल्या पायांना त्या सवलतीची किंमत कळते. मशिदीच्या ओट्यावरच डबा उघडला. खालांच्या भाकऱ्या, सुक्या बांगड्याची चटणी आणि कांदा. मौलवीसाहेबांनी घरून ताक पाठवले. महिलांसाठी बसायची जागा शेजारच्या घरात झाली. त्या घरातल्या मुलींनी आमच्या मुलीची सायकल अंगणात फिरवून पाहिली आणि त्यांच्या आईने ती फिरवू दिली.

त्या वाडीत दहांतली चार घरे कुलूपबंद होती. काही दारांवर जांभ्याच्या ओट्यापर्यंत गवत वाढलेले. माणसे मुंबईला, आखातात, कुणी आफ्रिकेला गेलेली. काही घरे मात्र नवीकोरी, रंगीत फरशांची, आणि तीही बंद. मे महिन्यात सगळी उघडतात, असे कळले. गाडीतून जाताना असे घर दिसले तर माणूस बांधकामाचे कौतुक करून पुढे जातो. सायकलवरून जाताना कुलूपही दिसते.

केळशीला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. इथे याकूब बाबांचा दर्गा आहे. शिवाजी महाराज त्यांना मानत असत, हे सर्वश्रुत आहे. दर्ग्याच्या आवारात वारा छान होता. थोडे टेकलो, पाणी भरले. केळशीपासून आडे, पाडले करत आंजर्ल्यापर्यंतचा रस्ता मात्र त्या दिवसाचे बक्षीस होता. अनेक ठिकाणी रस्ता आणि समुद्र यांच्यामध्ये फक्त सुरूची झाडे. आता धुक्याचा मागमूसही नव्हता. खारा वारा समोरून येत होता, म्हणून उतारावरही पाय मारावे लागत होते. दुपारी समुद्राकडून येणारे हे वारे चारच्या सुमारास सर्वांत जोरात असतात. सकाळच्या मतलई वाऱ्यांचा धडा एका दिवसात दोन्ही बाजूंनी पूर्ण झाला.

आंजर्ल्याच्या खाडीवरचा पूल ओलांडून, पाजपंढरीच्या कोळीवाड्याजवळून पाचच्या सुमारास आम्ही हर्णैला उतरलो. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग. आंग्र्यांच्या आरमाराचा हा बळकट किल्ला 1755 मध्ये पेशवे आणि इंग्रज यांच्या एकत्र मोहिमेत पडला. आमचे लक्ष मात्र किल्ल्याकडे फार वेळ राहिले नाही, कारण वाळूवर लिलाव भरला होता. मोठ्या बोटी खोल पाण्यात उभ्या, लहान होड्या मासळी काठाला आणत होत्या. तिथून बैलगाड्या कमरेभर पाण्यात जाऊन टोपल्या ओढून आणत होत्या. वाळूवर पापलेट, सुरमई, कोळंबी, बांगडे यांचे ढीग. बोली बोलणाऱ्या बहुतेक बायका. आवाज चढलेला, पण हिशेब चोख. कोकणच्या किनाऱ्यावर कोळी, खारवी, दालदी अशा अनेक जमाती पिढ्यान्‌पिढ्या समुद्रावर जगतात. त्यांचा धर्म वेगवेगळा, पण भरती-ओहोटीचे वेळापत्रक एकच.

एका तांडेलाला आम्ही विचारले, सकाळच्या धुक्यात बोटी कशा आणता? तो म्हणाला, “आता जीपीएस आहे. माझ्या बापाच्या वेळेला घरातली माणसं काठावर येऊन डबे वाजवायची. आवाजाच्या दिशेनं यायचं.” थोडे थांबून म्हणाला, “जीपीएस बंद पडलं तर अजून पण तेच.” मगरिबची अजान झाली. समुद्र लाल होऊन काळा पडला. मुलीने मीटर पाहिला : 74 किलोमीटर. तिने तो आकडा कुणालाही फोन करून सांगितला नाही, वहीत लिहिला.

ज्या घरांना असा प्रवास करावासा वाटेल, त्यांच्यासाठी चार गोष्टी. डिसेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. मार्चनंतर चढणीवर ऊन सोसत नाही. गिअरची साधी सायकल पुरते, महागडी लागत नाही. पण ब्रेक, टायर आणि दिवे निघण्याआधी तपासून घ्यावेत. एक जादा ट्यूब, पंप, पाने आणि पंक्चरचे सामान जवळ असावे. दोन महिने आधीपासून सकाळी दहा-पंधरा किलोमीटरचा सराव करावा, तोही चढणीच्या रस्त्यावर. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी दिवसाला चाळीस-पन्नास किलोमीटरच ठरवावेत. धुके असेल तर उशिरा निघावे. निघालात आणि वाटेत दाट झाले, तर रस्त्याच्या कडेला नव्हे, रस्त्यापासून दूर, एखाद्या अंगणात थांबावे. फेरीबोटीच्या वेळेवर पुढचा बेत बांधू नये. मुलींना मागे ठेवू नये. त्यांची दमछाक व्हायची भीती असेल, तर ती आपल्यालाही होते, हे पहिल्याच घाटात कळते.

आणि वाटेत थांबावे. वाडीवाल्याला सुपारी कशी आहे विचारावे, बागवाल्याला मोहर कसा आहे, धक्क्यावर बसलेल्याला बोट कधी सुटेल. विचारल्याशिवाय हा किनारा फारसे काही सांगत नाही, आणि विचारले तर हातातले काम बाजूला ठेवून सांगतो. आमच्या सामानात नकाशा होता. धुक्याच्या त्या दोन तासांत तो एकदाही उघडला नाही. रस्ता सांगणारे भेटत गेले.